म्हसडोहातलं जांभूळ

४ मार्च

गेल्या पावसाळ्यात माशांच्या आडोशासाठी ओढ्यात बांधलेल्या बाभळीच्या फांद्यांपैकी एक आज सापडली. गुणामावशींच्या चुलीत. मी त्यांच्याच ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहते, म्हणजे चोर घरातच होता. मावशींना त्याचं काही नाही. म्हणाल्या, "पुरात वाहून आलती पोरी. दारात आलेलं काय लाथाडायचं?" त्याच जाळावर भाकरी टम्म फुगल्या होत्या. मी दोन खाल्ल्या आणि त्यांच्याबरोबर रागही गिळला.

राग खरा माझ्यावरच आहे. उदगीरला मत्स्यशास्त्र शिकले आणि पुराच्या पाण्यात सुतळीने फांद्या बांधायला निघाले. पहिल्याच लोंढ्यात सगळं साफ.

दुपारी नांदेडहून आमच्या संस्थेच्या सरांचा फोन. यंदाच्या पावसाळ्यातही डोहात मासा वस्तीला आला नाही, तर इथलं काम बंद करून मला दुसरीकडे पाठवणार. खरं लिहिते, 'दुसरीकडे' ऐकून क्षणभर बरं वाटलं. कुठेही वर्ष झालं की माझ्या पायाला भिंगरी लागते. आधी मत्स्यबीज केंद्र सोडलं, मग धरणावरची नोकरी. अर्धापूरहून आई म्हणते, केळीचा घड तरी एका जागी पिकतो गं.

पण हरून जायचं मात्र मला नाही.

८ मार्च

इस्लापूरहून आत आलं की हे सावरी गाव, आणि गावाच्या खाली ओढ्याच्या वळणावर म्हसडोह. पूर्वी यात म्हशी डुंबायच्या आणि हातभर लांबीची मरळ मिळायची, असं गावात प्रत्येक जण सांगतो. आता काठावरची झाडं तोडून नांगर पार पाण्यापर्यंत आलाय. उघड्या, तापलेल्या पाण्यात मरळीने पिल्लं लपवायची कुठे? डोहात एक मोठं झाड मुळासकट आडवं पडलं की चित्र बदलतं. मुळांच्या जाळीत आडोसा मिळतो, मागे पाणी संथ होतं, सावली पडते. मासा राहायला येतो.

असं झाड आहे. डोहाच्या वरच्या अंगाला, ग्यानोबांच्या शेतात. गेल्या वर्षीच्या वादळात मुळासकट उपटलेलं जांभूळ. जांभळाचं लाकूड पाण्यात सडत नाही, म्हणून तर जुनी माणसं ते विहिरीच्या तळात घालायची. मी आज मागायला गेले.

ग्यानोबा सत्तरीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात दात नाहीत आणि बोलण्यात मऊपणाही नाही.

"ते झाड दिलेलं हाय," म्हणाले.

"कुणाला?"

"मला. मह्या सरणाला ठिवलंय. मह्या बापानं लावलेलं हाय. बाभळीच्या काटक्यावर जळायचं न्हाई मला."

मला हसू आलं. ते रागावले. "हसून राहिली काय? तुमच्यात न्हाई ठिवत का कुणी?"

मग मला आजी आठवली. तिने पेटीच्या तळाशी पांढरी साडी घडी करून ठेवली होती, आणि आम्ही पोरं ती पेटी उघडायला घाबरायचो. ते सांगितलं. "मंग," ग्यानोबा म्हणाले, "तसंच हाय हे."

सुनेने पाणी आणून दिलं. निघताना पेला मीच विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. ही आईने लावलेली सवय. कारण तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गावात मला प्रिया मॅडम म्हणतात. माझं नाव बुद्धप्रिया आहे. त्यातलं पहिलं अर्धं काहींच्या जिभेला जड जातं, काहींच्या आणखी कशाला तरी.

१३ मार्च

आज होळी. गावातली पोरं चार दिवसांपासून त्या जांभळाभोवती घिरट्या घालत होती. होळीसाठी चोरलेलं लाकूड परत मागायचं नसतं, असा इथला रिवाज. त्यामुळे ग्यानोबा दुपारपासून खोडावर काठी घेऊन बसले होते. मीही जाऊन बसले. माझाही त्या लाकडावर डोळा होताच.

"पोरं काय बी उचलतेत आजच्या दिवशी," ते म्हणाले. "मी मह्या मामाचं नवं बाजलं उचललो होतो."

मग मी पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, "मी माळकरी माणूस. मासा खात न्हाई. आन तू मह्या सरणात मासे पाळायला निघाली."

मी त्यांना मरळीचं सांगितलं. पिल्लं लालभडक असतात, पाण्याच्या वरच्या थरात गोळ्याने फिरतात, आणि खाली मोठा मासा राखण करतो. जवळ काही आलं की अंगावर धावतो.

"आई राखती?"

"बाप जास्त राखतो."

ते काठीने मातीत रेघा ओढत राहिले. मला वाटलं, झाड मिळतंय. पण दिवस कलताना उठले आणि म्हणाले, "न्हाई म्हंजे न्हाई." बांध चढताना मधेच थांबले, बरगडीवर हात दाबून धरला. मी हात दिला तो त्यांनी झटकला. म्हातारपणाचा ताठा जातच नाही माणसाचा.

२ एप्रिल

झाडाशिवाय काय करायचं ते सुचत नाही. दगडांचे ढीग रचून पाहिले, हसण्यासारखे दिसतात. ओढ्याच्या पात्राची मापं घेतली, मापं घेऊन वही मिटली, पुन्हा उघडली. एका जागी बसवत नाही.

इस्लापूरच्या बसथांब्यावर ग्यानोबा भेटले. मुलगा लिंबाजी त्यांना नांदेडला घेऊन गेला होता. डोळे दाखवायला, असं ग्यानोबा म्हणाले. लिंबाजीच्या काखेत परातीएवढं मोठं पाकीट होतं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा मात्र दिसला नाही. नंबरच निघाला नसेल.

७ एप्रिल

झाड मिळालं!

सकाळी ग्यानोबा स्वतः ओसरीवर आले. मावशींनी चहा दिला तो अर्धा बशीत तसाच राहिला.

"किती वर्सं टिकल ते पाण्यात?"

मी म्हटलं, तुमच्या नातवाच्या नातवाला दिसेल.

"सरणात घातलं तर एका सांजंचं काम. घिऊन जा." मग बोट उभं केलं. "पन एक अट हाय. एक जाड फांदी मी कापून देतो. ती तुह्या ओसरीवर ठिवायची. कोरडी. पावसाचा थेंब लागू द्यायचा न्हाई."

"माझ्या ओसरीवर कशाला? तुमच्याकडे गोठा आहे की."

"तुह्याच. न्हाई तर झाड न्हाई."

म्हाताऱ्या माणसांच्या अटींना अर्थ असतोच असं नाही. मी हो म्हटलं. मागाहून लिंबाजी आला. संतापलेला होता, पण आवाज खाली. "मॅडम, तुमी झाड घिऊन जाल, मासे मोजाल, बदली होईल, निघून जाल. आमचा बाप हितंच ऱ्हानार हाय. लोक मला इचारतील, बापाचं लाकूड कुठं गेलं."

मी त्याला प्रकल्पाचं महत्त्व समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हाव. तुमचं बराबर हाय." यात बरोबर असण्यासारखं त्याला काही वाटलं नव्हतं, एवढं मलाही कळलं.

२० एप्रिल

दोन ट्रॅक्टर, गावातले झाडून सगळे बघे आणि त्यातल्या प्रत्येकाचा सल्ला. पहिली साखळी तुटली. दुसऱ्या खेपेला जांभूळ हललं आणि जमिनीवर खोल चर ओढत डोहाकडे निघालं. खोडाचा बुंधा नाही, शेंड्याकडचा भाग काठात खोदून पुरला. मुळांचा पंजा प्रवाहाच्या तोंडाला. दोन्ही बाजूंनी सागाचे जाड खुंट ठोकले, दगड भरले, लोखंडी दोर आवळला.

ग्यानोबा बांधावर बसून बघत होते. सगळे गेल्यावर खाली उतरले, आणि मुळांवर हात फिरवून परत वर गेले.

पुरात खुंट दिसावेत म्हणून मी त्यांच्या डोक्यांना नारिंगी ऑइलपेंट लावला.

फांदी माझ्या ओसरीवर आली आहे. दाराची अर्धी वाट अडली. आज दोनदा तिला ठेच लागली.

२ मे

नारिंगी रंग! अक्कल गहाण ठेवली होती मी.

आज सकाळी डोहावर गेले तर खुंटांसमोर नारळ फोडलेला, अगरबत्ती जळतेय, आणि माझ्या ऑइलपेंटवर कुणीतरी वरून खरा शेंदूर फासलेला. दुपारपर्यंत तिथे बायकांची रांग. डोहाला 'जांभळाई' म्हणायला लागले लोक. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली मी, आणि मी देवी बसवली. आईला कळलं तर घरात घेणार नाही.

मी तिथेच उभी राहून सांगितलं की ही माशांची सोय आहे, यात देवबीव काही नाही. एक बाई शांतपणे म्हणाली, "असंना का मॅडम. माशाची तर माशाची."

तणतणत ग्यानोबांकडे गेले. ते खाटेवर पडून खोबऱ्याचा तुकडा चघळत होते. दात नाहीत तरी हौस बघा. मी विचारलं, हे कुणी सुरू केलं असेल? ते म्हणाले, "लोकाला काय धंदा हाय." त्यांची नखं लाल होती. मारुतीच्या पारावर जाऊन आले असावेत. आता एवढं चालवतं म्हणजे तब्येत बरी दिसते.

१५ मे

एक गोष्ट मान्य करायला हवी. सरपणासाठी डोहातल्या झाडाची एक काटकीही कुणी नेलेली नाही. मला हे देवीपण आवडत नाही आणि मोडायचं धाडसही होत नाही.

११ जून

गेला आठवडाभर काठावर लागवड. खाली पाण्यालगत वाळा, त्याच्यावर करंज आणि निर्गुडी, मग उंबर आणि अर्जुन. गावातल्या बायका कामाला आल्या, देवीच्या पायरीचं काम म्हणून आल्या, तेही मी ऐकलं नाही असं दाखवलं. ग्यानोबांनी लिंबाजीला सांगून आपला नांगर काठापासून चांगला मागे घेतला. लिंबाजीने खुणा रोवल्या, माझ्याशी न बोलता.

पहिल्याच आठवड्यात शेळ्यांनी अर्जुन खाल्ला. मी शेळ्यांमागे दगड घेऊन धावले. लोकांनी ते फार आवडीने पाहिलं.

ग्यानोबांची बैलजोडी जावयाकडे गेली. शेतकरी ऐन पेरणीच्या तोंडावर बैल कशाला देईल? विचारलं तर म्हणाले, "मला आता हाकायला होत न्हाई." कंटाळले असतील. मलाही कंटाळा येतो, पण माझ्याकडे द्यायला बैल नाहीत.

२७ जून

लातूरहून फोन आला. तिथल्या एका मत्स्यबीज केंद्राला व्यवस्थापक हवा आहे. मी मार्चमध्येच अर्ज टाकला होता, इथे लिहिलं नव्हतं. एक ऑगस्टला हजर व्हा म्हणतात. हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत हुरूप होता. मग मावशींनी विचारलं, "आज जेवली का न्हाईस?" आणि मला त्यांना सांगता आलं नाही. सांगितलं की ऊन बाधलं. आभाळ भरून आलेलं, ऊन कुठलं.

ग्यानोबा हल्ली भेटले की पहिलं विचारतात, "फांदी कोरडी हाय ना?" मी त्या फांदीवर ओढणी वाळवते, तिच्यावर बसून चहा पिते. झडीचं पाणी येऊ नये म्हणून तिला दोन विटांवर ठेवून वर प्लॅस्टिक टाकलंय. शब्द दिला ना, मग पाळायचा.

१९ जुलै

दोन दिवस नुसता कोसळतोय. सकाळी डोहावर गेले तर ओढा या काठापासून त्या काठापर्यंत मातकट, आणि झाड नाही. काहीच नाही. मी चिखलात तशीच बसले. वाटलं, सुटले बाई. आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

लिंबाजी मागून आला. डोक्यावर पोत्याची खोळ. "रडून का राहिल्या? थांबा जरा." आम्ही थांबलो. दुपारी पाणी उतरायला लागलं आणि फेसातून एक नारिंगी टोक वर आलं, मग दुसरं. मग मुळांचा पंजा. जागचा हललेला नव्हता. वरून वाहून आलेला पालापाचोळा आणि फांद्या त्याने धरून ठेवल्या होत्या.

लिंबाजी म्हणाला, "बाबाला सांगतो जाऊन." आणि चिखलातून जवळजवळ पळतच गेला.

२६ जुलै

लाल गोळा दिसला.

मुळांच्या मागच्या संथ पाण्यात, परातीएवढा, बारीक बारीक पिल्लांचा. आधी वाटलं कुंकू सांडलंय कुणीतरी. मग तो गोळा सरकला, आणि खाली एक काळी, जाड पाठ वळली. मी पाय पुढे टाकला तसा पाण्यात फटका बसला. अंगावर आला तो.

सरांना फोन करायच्या आधी ग्यानोबांकडे पळाले. ते आतल्या खोलीत अंथरुणावर होते. पावसाळी हवेने खोकला धरलाय. अंगावरची सगळी हाडं दिसतात. मी म्हटलं, बाबा, जेवत जा.

"बाप राखून राहिलाय का?"

"हाव. माझ्या अंगावर धावला."

ते हसले, डोळे मिटून. मग तेच. "फांदी?"

"कोरडी आहे हो. त्या फांदीचं एवढं काय घेऊन बसलात?"

"पावसाळ्यात कोरडं लाकूड मिळत न्हाई पोरी."

मी म्हटलं, तुमच्या चुलीला लागलं तर आणून देते की. लिंबाजी भिंतीला टेकून उभा होता, तो एकदम बाहेर निघून गेला. या माणसाला माझं बोलणं कधी रुचतच नाही.

मग लातूरचं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं.

"कवा जानार?"

"एक तारखेला."

"दोन-चार दिस थांब की."

"कशाला?"

"आसंच," ते म्हणाले.

२९ जुलै

सामान बांधायला घेतलं. पुस्तकं भरली, जाळी भरली, आणि पुन्हा बाहेर काढली. म्हटलं, उद्या बघू.

३१ जुलै

ग्यानोबा काल पहाटे गेले.

पोटातला रोग होता. एप्रिलपासून घरात सगळ्यांना माहीत होतं. गावालाही. मावशींनाही. "तुला म्हाईत हाय आसंच वाटलं आमाला," मावशी म्हणाल्या. "तूच तर रोज जायची त्याच्याकडं."

या वहीची मागची पानं मी आज वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय आणि मलाच कळलेलं नाही. आणखी काही लिहीत नाही त्याबद्दल.

काल सकाळपासून पावसाची झड होती. मी ओसरीवर बसून राहिले. त्यांच्या घरी जायची हिंमत होत नव्हती. त्यांचं लाकूड मी पाण्यात घातलं होतं, आणि आता गावभर ओल्या काटक्या. इथे सरणाचं लाकूड एकट्या घराचं नसतं. ट्रॅक्टरची ट्रॉली दारोदार फिरते आणि प्रत्येक घर आपलं एक लाकूड तिच्यात टाकतं. मी ट्रॉलीचा आवाज ऐकत होते. ती आपल्या दारावरून पुढे जाईल, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. भाड्याची खोली म्हणजे काही घर नाही. आणि माझं लाकूड त्यांच्या सरणावर चालेल का, हे कुणी न विचारलेलं बरं, असंही मनात होतं.

ट्रॉली रिकामी होती. ती सगळ्यात आधी माझ्या दारात आली.

लिंबाजी खाली उतरला. त्याचं डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. मागे गावातली माणसं उभी होती. तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बुद्धप्रिया बाई, तुमच्या घरचं लाकूड द्या. बाबानं सांगितलं होतं, पहिलं तिथून घ्यायचं."

मागच्यांपैकी एकाने पुढे होऊन ट्रॉलीचं फाळकं खाली पाडलं.

मी प्लॅस्टिक काढलं. फांदी विटांवर कोरडी ठणठणीत होती. एका टोकाला त्याने धरलं, दुसऱ्याला मी. वाटत होती त्यापेक्षा जड होती. ट्रॉलीत ठेवताना माझा हात खाली अडकला तर त्यानेच फांदी उचलून सोडवला. मग शेजारच्या घरातून लाकूड आलं, मग त्याच्या पुढच्या. मावशींनी चुलीमागे सुकवत ठेवलेलं बाभळीचं लाकूड आणून दिलं. ते बहुतेक माझंच होतं.

बायका स्मशानात जात नाहीत. मी डोहाच्या बांधापर्यंत गेले. पाऊस थांबलेला नव्हता, पण पलीकडे धूर सरळ वर जात होता. कोरडं लाकूड तळाला घातलं होतं, म्हणून पेटलं.

मी त्यांच्यासाठी बांधावर उभी राहून रडले. लाज वाटली नाही.

१ ऑगस्ट

आज तिसरा दिवस, सकाळी राख सावडायला गेले सगळे. दुपारी लिंबाजी राखेचं गाडगं घेऊन डोहावर आला. गंगेत नेणार नाही म्हणाला. बाबाने जागा सांगून ठेवली होती. काठावरच्या उंबराच्या रोपाभोवती आम्ही आळं केलं, त्याने राख टाकली, मी वर माती ओढली. खाली पाण्यात लाल गोळा आता मोठा आणि जरा मळकट झालाय. पिल्लं वाढली की रंग उतरतो.

"आज लातूरला जायचं होतं ना तुमाला?" लिंबाजीने विचारलं.

"सकाळी फोन केला. नाही म्हणून सांगितलं."

त्याने मान हलवली. मग रोपाकडे बघत म्हणाला, "शेळ्या हितं बी येतेत."

"काटे लावावे लागतील."

"बाभळीच्या फांद्या आनतो," तो म्हणाला. "सुतळीनं नका बांधू ह्या वेळंला."